साडेएकोणतीस दिवस

"शेवाळे मॅडम, फ्रॉडची नोट लिहायला घ्या. गुरुवारी कमिटी आहे."

चौधरी सर सोमवारी सकाळी खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलले. ते आमच्या नाशिक ऑफिसचे क्रेडिट हेड. मूळचे जळगावचे, चहाशिवाय एक वाक्य न बोलणारे. त्या दिवशी चहा यायच्या आधीच बोलले, तेव्हाच मी ओळखलं की मुंबईहून फोन येऊन गेलेला आहे.

मी एका खासगी कर्जसंस्थेत क्रेडिट ॲनालिस्ट आहे. ऑफिस गंगापूर रोडला. माझं काम सोपं करून सांगायचं तर कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे आणि सांगायचं, यांना कर्ज द्यावं की देऊ नये. लोकांना हे काम भयंकर कंटाळवाणं वाटतं. मला विचाराल तर दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकण्यात जी मजा आहे, ती सगळी या कामात आहे, आणि वर पगारही मिळतो.

ज्या कंपनीवर नोट लिहायची होती, ती पिंपळगाव बसवंतजवळचा कांदा वाळवण्याचा कारखाना. कांदा सोलायचा, कापायचा, गरम हवेत वाळवायचा आणि त्याचे काप किंवा पावडर मसालेवाल्यांना विकायची. मालक मंदाताई जाधव. नवरा गेल्यावर त्यांनी दोन हॉटेलांना सोललेला कांदा पुरवून सुरुवात केली होती. आता त्यांच्याकडे साठेक बायका कामाला होत्या. आमची त्यांना कॅश क्रेडिट लिमिट होती, म्हणजे सीझनमध्ये माल भरायला लागेल तसं उचलायचं आणि माल विकला की भरायचं असं कर्ज. उन्हाळ कांदा बाजारात यायला लागला होता. आत्ता लिमिट गोठली तर कारखान्यात कांदाच येणार नव्हता. आणि लिमिट गोठणं ही लहान गोष्ट. एकदा फ्रॉड म्हणून नाव वर गेलं की देशातली कुठलीच बँक दारात उभं करत नाही.

आता मुंबईचं म्हणणं काय होतं ते सांगते.

मंदाताईंच्या ताळेबंदात खरोखरच गडबड होती आणि ती आधी मीच दाखवली होती. ग्रॉस मार्जिन हा साधा रेशो असतो. शंभर रुपयांचा माल विकला, त्यातून कच्चा माल आणि तो तयार करण्याचा खर्च वजा केला, तर उरतं किती? त्यांचे आधी बावीस रुपये उरायचे, गेल्या वर्षी तेराच उरले. भाव वाढले म्हणावं तर कांद्याचा सरासरी भाव मागच्या वर्षीइतकाच होता. मग मी वजनाचा रेशो काढला. याला कारखान्यात उतारा म्हणतात. आधी दहा किलो कांद्यातून एक किलो वाळलेला माल निघायचा. आता त्याच एका किलोला बारा किलो कांदा लागत होता. वरचे दोन किलो कुठे जात होते?

हा प्रश्न मी मुंबईच्या ॲनालिटिक्स टीमकडे पाठवला. त्यांच्याकडे एक नवं सॉफ्टवेअर आहे. कंपनीची सगळी बिलं त्यात टाकली की ते संशयास्पद नमुने शोधून काढतं. त्याने वर्षभराची हजारो खरेदी बिलं चाळली आणि लालभडक रिपोर्ट दिला. कंपनी बत्तीस व्यापाऱ्यांकडून कांदा घेत होती. त्यातल्या एकतीस जणांची बिलं वर्षातल्या ठरावीक नऊ दिवशी एकदम बंद पडत होती. रविवार नाही, सरकारी सुट्टी नाही, तरी एकतीसच्या एकतीस गप्प, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा सुरू. दोन बंद दिवसांतलं अंतर साधारण साडेएकोणतीस दिवस, नाहीतर त्याच्या दुप्पट. सॉफ्टवेअरचा निष्कर्ष असा, की हे एकतीस वेगळे व्यापारी नाहीतच. एकच माणूस एकतीस खोटी नावं चालवतोय, आणि तो सुट्टीवर गेला की सगळी नावं एकदम थांबतात. बत्तिसाव्या व्यापाऱ्यापुढे मात्र हिरवी खूण होती. त्याच्यापुढे लिहिलं होतं, स्वतंत्र आणि विश्वासार्ह.

मुंबईने कंपनीला मेल करून विचारलंही होतं की या नऊ दिवशी या एकतीस जणांकडून खरेदी का नाही. खरेदी बघणाऱ्या प्रवीण जाधव यांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं, 'माल उपलब्ध नसल्यामुळे.' आता मात्र मंदाताईंशी या तारखांबद्दल बोलायला आम्हाला बंदी होती, कारण फ्रॉडची चौकशी चालू असताना गिऱ्हाइकाला आणखी सावध करायचं नसतं.

मी नोट लिहायला बसले. खरं सांगते, रिपोर्ट वाचून मी भारावले होते. इतका सुंदर नमुना माझ्या नोकरीत मी पाहिला नव्हता. दुपारपर्यंत दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर पुरावा म्हणून मी आणखी एक रेशो टाकायचा ठरवला, आणि तिथेच माझी गाडी अडली.

कांद्यात बहुतेक पाणीच असतं. ते उडवायला बॉयलर पेटवावा लागतो. कांदा जास्त आला तर पाणी जास्त, म्हणजे जळण जास्त. हा हिशोब कागदावर फिरवता येत नाही, कारण जळणाचा पुरवठादार वेगळा आणि वीज तर सरकारी मीटरवर. मी एक किलो तयार मालामागे लागलेलं जळण आणि वीज काढली. दोन्ही मागच्या वर्षीइतकीच. म्हणजे बॉयलर सांगत होता की मी दहाच किलो कांदा वाळवला. बिलं सांगत होती बारा. म्हणजे सहावा हिस्सा कांदा नुसता कागदावर आला होता.

इथपर्यंत मुंबईशी जुळत होतं. पण एकतीस व्यापारी मिळून एकूण खरेदीच्या सहापैकी पाच हिस्से कांदा विकत होते. ते सगळे खोटे असते तर बॉयलर पेटवायची गरजच पडली नसती. मंदाताई दरमहा ट्रक भरभरून माल पाठवत होत्या, आणि मसालेवाले त्याचे पैसे देत होते, ते काय हवा वाळवून?

मी लॅपटॉप उचलून सरळ चौधरी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चहा मागवला आणि म्हणाले की सॉफ्टवेअर दीड कोटीचं आहे आणि बॉयलर जुना आहे, कमिटी कोणाचं ऐकेल ते बघ. मी म्हटलं, मला उद्याचा दिवस द्या, स्टॉक तपासणीच्या नावाखाली कारखान्यात जाऊन येते. ती तशीही तिमाहीतून एकदा करायचीच असते. सर म्हणाले, "जा. पण नऊ तारखांबद्दल तिथे अवाक्षर काढायचं नाही."

मंगळवारी दहा वाजता मी कारखान्यात होते. हायवेवर उतरल्यापासूनच कांद्याचा वास येतो आणि आत गेल्यावर डोळ्यांतून पाणी. सोलण्याच्या लाइनवर बायका मान खाली घालून बसल्या होत्या. एरवी तिथे इतकी बडबड चालते की आपलं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी नुसते चाकू चालत होते.

मंदाताई मला गोडाऊनमध्ये घेऊन गेल्या. उतारा का पडला हे मी विचारणारच होते, त्यांनी स्वतःच विषय काढला.

"मॅडम, यंदा कांद्यात पाणीच लय होतं," त्या म्हणाल्या. "आन या बायाबी नीट सोलत नाय. चांगलं चांगलं सालीबरोबर फेकून देत्यात. प्रवीण रोज सांगतो मला. म्हणून दिवाळीचा बोनस निम्मा केला मी त्यांचा. काय करू, मलाबी कारखाना चालवायचाय."

लाइनवरची शांतता मला तेव्हा कळली. प्रवीण म्हणजे त्यांच्या दिराचा मुलगा, चाळिशीचा, खरेदी आणि गाड्या दोन्ही त्याच्याकडे. ताईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता. त्या दिवशी तो बाजारात गेला होता.

ऑफिसात बसून मी जळणाचं रजिस्टर मागितलं. अकाउंटंट ते शोधायला आत गेला. टेबलावर किरकोळ खर्चाची वही पडली होती, म्हणजे चहा, झेरॉक्स, पंक्चर असल्या बारीक खर्चाची. आमच्यात ही वही कोणी बघत नाही. कर्ज कोटीत असताना झेरॉक्सचे चाळीस रुपये कोण तपासणार? मी हात रिकामे होते म्हणून पानं चाळत होते.

'नारळ, लिंबू-मिरची, अगरबत्ती. गाड्यांसाठी. रु. ११०. सही, प्रवीण जाधव.'

पुढे एका महिन्याने तेच. पुढे पुन्हा तेच. तारखा ओळखीच्या वाटल्या. नऊ तारखांची यादी मला गेल्या दोन दिवसांत पाठ झाली होती. मी बोट ठेवून जुळवत गेले. एक जुळली. दोन जुळल्या. नऊच्या नऊ जुळल्या.

अमावस्या. त्या सगळ्या अमावस्या होत्या.

मला अक्षरशः उडी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. साडेएकोणतीस दिवस! चंद्राचा महिना! दोन दिवस हा आकडा डोळ्यांपुढे नाचत होता आणि मला, एका मापाऱ्याच्या मुलीला, तो ओळखू आला नाही.

मापारी म्हणजे बाजार समितीत माल तोलणारा माणूस. माझे वडील पस्तीस वर्षं मापारी होते. आमच्या भागातल्या कांदा बाजारात अमावस्येला हमाल-मापारी कामाला हात लावत नसत, त्यामुळे लिलावच होत नसे. आता काही ठिकाणी हे बदललंय, पण मंदाताईंची खरेदी ज्या बाजारातून होती तिथे त्या वर्षी ही पद्धत चालू होती. माझ्या लहानपणी इतरांचे वडील रविवारी घरी असायचे. आमचा रविवार अमावस्येला यायचा. अण्णा त्या दिवशी जिलेबी आणायचे आणि दुपारभर झोपायचे. एकतीस व्यापारी कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसत नव्हते. बाजारच बंद होता. ते गप्प होते कारण ते खरे होते.

आणि मग मला तो हिरवी खूणवाला बत्तिसावा आठवला.

अकाउंटंट रजिस्टर घेऊन येईपर्यंत मी लॅपटॉपवर त्या एका फर्मची बिलं गाळून काढली होती. वर्षात बारा अमावस्या. दोन रविवारी आलेल्या, एक लक्ष्मीपूजनाची, म्हणजे सरकारी सुट्टी. त्या तिन्ही दिवशी या फर्मचं बिल नव्हतं. एकाही रविवारी नव्हतं. स्वातंत्र्यदिनाला नव्हतं. उरलेल्या नऊ अमावस्यांना मात्र नऊच्या नऊ बिलं. आणि या फर्मकडून वर्षभरात झालेली खरेदी? बरोबर सहावा हिस्सा. बॉयलरने जो कांदा कधी पाहिलाच नव्हता, तेवढाच.

कोणीतरी ऑफिसात बसून, समोर सरकारी सुट्ट्यांची यादी ठेवून, शांतपणे ही बिलं बनवली होती. त्याने सरकारच्या सगळ्या सुट्ट्या पाळल्या. आपल्या गावची सुट्टी, जी तो जन्मापासून पाळत आला होता, ती कॉम्प्युटरवर दिसली नाही म्हणून विसरला.

बाहेर वजनकाट्यापाशी जाऊन मी अण्णांना फोन लावला. खात्री करून घ्यायची होती. विचारलं, अमावस्येला तुम्ही कधी काटा उघडलात का?

"मने, उघडला असता तर तुला मी घरी दिसलो असतो का?" ते म्हणाले.

मी त्यांना नाव न घेता सांगितलं की एका फर्मची अमावस्येची बिलं आहेत, आणि ते म्हणतील की बाजारातून नाही, थेट शेतावरून घेतला माल. अशी शिवार खरेदी लोक करतातच. अण्णा म्हणाले, "बिलावर हमाली-तोलाई लावलीय का बघ. तोलाई लावली म्हंजी मापारी आला. मापारी आला म्हंजी बाजार होता."

मी बिल उघडलं. बाजार फी, हमाली, तोलाई. सगळं नीट, ओळीने, पैशापर्यंत.

संध्याकाळी हे चौधरी सरांना दाखवलं तेव्हा ते उभेच राहिले. चहा तसाच थंड झाला. त्यांनी मुंबईला फोन लावला. तिकडच्या मॅनेजरला अमावस्या म्हणजे बाजाराची सुट्टी हे पटवायला सरांना वीस मिनिटं लागली. त्याचा एकच प्रश्न होता, की ही सुट्टी कुठल्या सर्क्युलरमध्ये आहे. शेवटी ठरलं की बुधवारी पार्टीला, म्हणजे मंदाताई आणि प्रवीणला, बोलवायचं, खुलासा घ्यायचा आणि तो कमिटीपुढे ठेवायचा.

बुधवारी अकरा वाजता मंदाताई आणि प्रवीण आले. ताई इरकली साडी नेसून, हातात प्रोजेक्टची जुनी फाइल. त्यांना वाटत होतं, लिमिट वाढवायला बोलावलंय. प्रवीण नम्र आणि हसतमुख. मी त्या फर्मची नऊ बिलं त्याच्यापुढे ठेवली आणि फक्त विचारलं, हा माल कुठून घेतला?

त्याने तारखा पाहिल्या आणि मला वाटलं होतं त्याच्या आधीच तो सावरला. म्हणाला, शिवार खरेदी आहे मॅडम, शेतावरून उचललेला माल, त्याला बाजार बंद-चालू काय.

मी तोलाईच्या ओळीवर पेन ठेवलं. "शेतावर तोलाई कोणाला दिलीत?"

तो म्हणाला, प्रिंटची चूक असेल, छापील फॉर्म असतो. चौधरी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं की ही चूक आहे असं म्हणून तो सुटू शकतो. मी किरकोळ खर्चाच्या वहीची झेरॉक्स काढायला हात घातला, तेवढ्यात मंदाताईंनी एक बिल स्वतःकडे ओढलं. चष्मा लावला. तारीख बोटांवर मोजली, इंग्रजी महिन्यावरून मराठी महिन्यावर येत.

"ही तर पोळ्याची अमावस्या," त्या म्हणाल्या.



"साडेअकरा टन कांदा," त्यांनी बिलावरचा आकडा वाचला. "पोळ्याला कोणत्या शेतकऱ्यानं गाडी भरून दिली रं तुला? त्या दिवशी तू आपल्या दारात बैलांच्या शिंगांना रंग लावत होता. मी पुरणपोळी वाढली तुला."

प्रवीणचं हसू गेलं. त्याने पाणी मागितलं आणि ग्लास तसाच धरून बसला. मग जे बाहेर आलं ते दहा मिनिटांत आलं. फर्म त्याच्या मेव्हण्याच्या नावावर होती. बिलं महिन्याच्या शेवटी एकदम बनवली जायची, पैसे फर्मच्या खात्यात जायचे आणि तिथून त्याच्याकडे. मुंबईच्या मेलला त्याने 'माल उपलब्ध नसल्यामुळे' असं उत्तर का दिलं होतं, तेही आता समजलं. त्याने 'अमावस्या' असं लिहिलं असतं, तर त्याच दिवशी कोणीतरी बत्तिसावं खातं उघडून पाहिलं असतं. मला ते उत्तर आळशी वाटलं होतं.

मंदाताई रडल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, की बायांनी सालीबरोबर कांदा फेकला नव्हता ना? मी त्यांना उताऱ्याचा हिशोब मांडून दाखवला. खोटी बिलं वगळली की दहा किलोला एक किलो, गेली पाच वर्षं जसा होता तसाच. त्यांनी तो कागद घडी घालून आपल्या फाइलमध्ये ठेवला. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं आणि आपण हे शोधून काढलं याचा आनंदही लपवता येईना. दोन्ही एकदम वाटत होतं, म्हणून मी कागद आवरत बसले.

गुरुवारी कमिटीत सरांनी मांडलं, की फ्रॉड कंपनीने केलेला नाही, कंपनीवर झालेला आहे. नियमात या दोन्हींची वेगवेगळी कलमं आहेत, पण सॉफ्टवेअरला एकच लाल रंग येतो. लिमिट चालू राहिली. अट एकच घातली, की दर महिन्याला उतारा आणि जळणाचा रेशो आम्हाला पाठवायचा. प्रवीण कामावरून गेला. पैसे किती परत आले तो विषय वकिलांकडे आहे. एकतीस व्यापाऱ्यांना आपण चार दिवस खोटे ठरलो होतो हे आजवर माहीत नाही, आणि मीही सांगायला गेलेले नाही.

पुढच्या तिमाहीत तपासणीला गेले तेव्हा गेटपासूनच सोलण्याच्या लाइनची बडबड ऐकू येत होती. मी विचारायच्या आधीच मंदाताईंनी सांगितलं की बोनसचा उरलेला निम्मा भाग त्यांनी मे महिन्यातच वाटला, स्वतःच्या हाताने, एकेकीजवळ जाऊन.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"काय म्हननार. म्हटलं, बायांनो, मी घरातल्याचं ऐकलं आन तुमचे हात नाय बघितले."

मुंबईने सॉफ्टवेअरमध्ये आता अमावस्येचा कॉलम टाकला आहे. त्याचं नाव ठेवलंय 'लोकल हॉलिडे, टाइप टू'. टाइप वन काय आहे ते मला कोणी सांगू शकलेलं नाही. अण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना रेशोत काडीचा रस वाटला नाही. त्यांनी विचारलं, त्या बिलावर तोलाईचा दर काय लावला होता? मी सांगितला. म्हणाले, दर बरोबर होता, पोरगं हुशार होतं. आणि मी आता कुठल्याही कंपनीची बॅलन्स शीट आली, की ती उघडायच्या आधी किरकोळ खर्चाची वही मागवते.